पाच सेंटिमीटरच्या गोळ्यावर चार सायकली

दिवाळी होऊन भातकापणी उरकली, की मुरबाड तालुक्यातल्या धसईच्या आसपासची खाचरं मोकळी होतात. पाड्यापाड्यांना जोडणाऱ्या कच्च्या वाटा वाळून टणक होतात. पळू-सोनावळ्याच्या बाजूला गेलं की गणपती गडदची लेणी पोटात घेतलेला डोंगर समोर येतो, आणि देहरीच्या बाजूला वळलं की गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. माउंटन बाइक घेऊन मुलांसकट हिंडायला ठाणे जिल्ह्यात याहून बऱ्या जागा थोड्याच असतील.

अडचण तिथवर पोचण्याची आहे. शहाडचा पूल, म्हारळ, वरप, कांबा, रायता असा जो रस्ता कल्याणहून मुरबाडला जातो, त्यावर डंपर आणि एसटी यांच्या मधून दहा वर्षांच्या मुलाला सायकल चालवायला लावणारे आईबाप मला तरी माहीत नाहीत. म्हणून सायकली गाडीवर चढतात. सुट्टीच्या दिवशी पहाटे कधी अशी एखादी गाडी पुढे दिसली तर तिच्या मागच्या बाजूला नीट पाहा. चार सायकली एका लोखंडी चौकटीत उभ्या असतात. ती चौकट जमिनीला टेकलेली नसते, डिकीच्या दाराला बांधलेलीही नसते. बंपरखालून बाहेर आलेल्या पाच सेंटिमीटर व्यासाच्या एका गोळ्याला पकडून ती हवेत तरंगत असते. गोळा गुळगुळीत, वरची चौकट एका बाजूला झुकलेली, खाली रस्त्यावर गतिरोधक. तरी ती गळून पडत नाही, गोल फिरतही नाही.

हे कसं होतं ते कळलं, की कोणता रॅक घ्यायचा याचं निम्मं उत्तर मिळतं. उरलेलं निम्मं गाडीकडे आणि रस्त्याकडे पाहून मिळतं. दुकानातल्या माहितीपत्रकात मात्र बहुतेक वेळा फक्त ‘चार सायकली’ एवढंच ठळक छापलेलं असतं.

गोळा मुळात कशासाठी?

टो-बार म्हणजे गाडीच्या सांगाड्याला मागून बोल्टनं पक्का केलेला पोलादी आडवा तुकडा. त्यातून एक वाकडी मान बाहेर येते आणि मानेवर गोळा असतो. युरोपीय मापाचा गोळा ५० मिलिमीटरचा. हा गोळा ट्रेलर ओढण्यासाठी जन्माला आला. ट्रेलरला स्वतःची चाकं असतात, त्यामुळे त्याचं बहुतेक वजन तीच पेलतात. गोळ्यावर थोडासा भार खाली पडतो आणि बाकी काम ओढण्याचं. वळणावर, चढावर ट्रेलरला गोळ्याभोवती मोकळेपणी फिरता यावं म्हणून त्यावर ग्रीसही लावतात.

सायकलींचा रॅक याच गोळ्याकडून नेमकं उलट काम करून घेतो. त्याला चाकं नाहीत, त्यामुळे सगळं वजन गोळ्यावर. शिवाय हे वजन गोळ्याच्या डोक्यावर सरळ येत नाही, मागे लांब येतं, म्हणून ते चौकटीला खाली पिळायला पाहतं. इथे गोळ्याभोवती काहीही फिरता कामा नये.

आकडे घालून पाहू. चार सायकली आणि रॅक मिळून ७४ किलो धरा. या सगळ्याचा मध्य गोळ्याच्या मागे साधारण ४५ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे पीळ झाला ३३ किलो-मीटरचा: एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ३३ किलोचं पोतं टांगल्यावर जेवढा होईल तेवढा. गोळ्याची त्रिज्या फक्त अडीच सेंटिमीटर. एवढ्या छोट्या पृष्ठभागावर निव्वळ घर्षणानं हा पीळ अडवायचा तर सव्वा टनाहून जास्त घर्षणबल लागेल. रॅकच्या जबड्याला लांब तरफ असते ती यासाठी. तरफेवर हातानं दिलेला जोर आतल्या रचनेतून कित्येक पटींनी वाढतो आणि जबडा गोळ्याला चिमटीत आवळून धरतो. काही रॅक शिवाय गोळ्याखालच्या मानेलाही टेकतात, म्हणजे सगळी भिस्त घर्षणावर राहत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. गोळ्यावर ग्रीस नको, रंग नको, गंजाचे पोपडे नकोत. रॅक चढवण्याआधी फडक्यानं स्वच्छ, कोरडा पुसायचा. दुसरं म्हणजे गोळ्याचं माप. जगात ५० मिलिमीटरचे गोळे आहेत तसे दोन इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटरचे आणि ४७.६ मिलिमीटरचेही आहेत. अडीच मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण जबड्याला तो पुरेपूर कळतो. गोळा ॲल्युमिनियमचा असेल तर बऱ्याच रॅक कंपन्या चालत नाही म्हणूनच सांगतात, कारण मऊ धातू जबड्याखाली दबतो.

अमेरिकेतली पद्धत वेगळी. तिथे गोळ्याऐवजी गाडीखाली दोन इंची चौकोनी नळी असते, रॅकचा दांडा तिच्यात सरकवून आडवी खीळ घालतात. चौकोनात चौकोन बसल्यावर फिरण्याचा प्रश्नच येत नाही. परदेशातल्या नातलगांकडून रॅक मागवणार असाल तर आपल्या गाडीला गोळा आहे की नळी हे आधी कळवा.

टपावर का नको?

टपाचा रॅक स्वस्त आणि सुटसुटीत असतो, पण दीड मीटर उंच गाडीवर सायकल उभी केली की एकूण उंची अडीच मीटरच्या पुढे जाते. गावाच्या वेशीवरच्या कमानी, रस्त्यावर झुकलेल्या चिंचेच्या फांद्या, लग्नसराईतल्या मांडवाच्या वायरी हे सगळं मग डोक्यात ठेवून चालवावं लागतं. पंधरा किलोची सायकल डोक्याच्या वर उचलायची ती वेगळीच. डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचे रॅक एक-दोन हलक्या सायकलींसाठी ठीक आहेत. चार माउंटन बाइकचा भार दाराच्या बिजागऱ्यांवर आणि पत्र्याच्या कडेवर टाकणं मला तरी पटत नाही.

गाडी उलाळ होते

बैलगाडी भरणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. ओझं आसाच्या मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलायला लागतं. मोटारीत बैलांच्या जागी पुढची चाकं असतात.

पुन्हा तेच ७४ किलो घेऊ. छोट्या कुटुंबाच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आसपास असतं. मागच्या आसापासून गोळा सुमारे ९० सेंटिमीटर मागे, आणि सायकलींचा मध्य त्याच्याही मागे ४५. म्हणजे भार मागच्या आसाच्या १.३५ मीटर मागे लोंबतोय. हिशेब केला तर पुढच्या चाकांवरचं वजन जवळजवळ ४० किलोनं कमी होतं. ते कुठे जातं? मागच्या चाकांवर. त्यामुळे मागची चाकं ७४ नाही, ११४ किलो जास्त पेलतात.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे जाते आणि वळवण्याचं कामही तीच करतात. त्यांच्यावरचं वजन उतरलं की ओल्या चढावर ती घसरतात, स्टिअरिंग हलकं लागतं. गाडीचं नाक वर झाल्यामुळे पहाटेच्या अंधारात समोरच्याच्या डोळ्यांवर दिवे जातात. डॅशबोर्डवर दिव्याची उंची कमी करण्याचं छोटं चाक असतं ना, ते अशा दिवसासाठीच. मागच्या टायरमध्ये हवा किती भरायची तेही दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळं लिहिलेलं असतं.

आता खरा प्रश्न: गोळ्यावर किती किलो चालतील? टो-बारच्या पट्टीवर आणि गाडीच्या पुस्तिकेत एक आकडा असतो, गोळ्यावर सरळ खाली पडणाऱ्या भाराची मर्यादा. युरोपातल्या गाड्यांना ती साधारण ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते. ‘ही गाडी १,२०० किलो ओढते’ हे वाक्य रॅकच्या कामाचं नाही. ओढणं वेगळं, पेलणं वेगळं. आणि या मर्यादेत रॅकचं स्वतःचं वजनही धरायचं असतं, हे फार जण विसरतात.

| चौकट: एका घराचा हिशेब | |
|---|---|
| बाबांची २९ इंची सायकल | १५ किलो |
| आईची २७.५ इंची | १४ किलो |
| मुलीची २४ इंची | १२ किलो |
| मुलाची २० इंची | १० किलो |
| चार सायकलींचा रॅक | २३ किलो |
| एकूण | ७४ किलो |
| गोळ्याची मर्यादा (उदाहरणादाखल) | ७५ किलो |
| *मुलाची सायकल डिकीत आणि तीन सायकलींचा १८ किलोचा रॅक घेतला तर* | *५९ किलो* |

कागदावर ७४ हा आकडा ७५ च्या आत बसतो. पण एखादी सायकल बॅटरीची निघाली, म्हणजे २२ ते २५ किलोंची, की गणित कोलमडतं. बॅटरी काढून गाडीत ठेवली तर दोन-तीन किलो वाचतात, एवढंच.

माझं मत चौकटीतल्या शेवटच्या ओळीच्या बाजूनं आहे. २० इंची सायकलचं पुढचं चाक काढलं की ती डिकीत किंवा मागच्या सीटच्या पायाशी मावते. चौथी सायकल सर्वांत मागे, सर्वांत लांब टांगली जाते, म्हणून तिच्या दहा किलोंचा त्रास तिच्या वजनापेक्षा जास्त असतो. तीन सायकलींचा रॅक उचलायला हलका, ठेवायला आटोपशीर, आणि तो मागे झुकवून डिकी उघडताना सायकली जमिनीला लागत नाहीत.

टो-बार कुणी बसवला?

इथे आपल्याकडची गोम आहे. युरोपात गाडीच्या कंपनीनं मान्य केलेला टो-बार बसवतात, त्याच्यावर मर्यादा कोरलेली असते. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांना जो ‘टो-हुक’ दिसतो, तो पार्किंगमध्ये मागच्यानं धडक देऊ नये म्हणून ॲक्सेसरीच्या दुकानातून लावलेला असतो. कधी तो दोन बोल्टांवर असतो, कधी बंपरच्या आतल्या पातळ पत्र्याला वेल्डिंग केलेला. दिसायला गोळाच, पण त्याच्या मागे ७४ किलो आणि ३३ किलो-मीटरचा पीळ घ्यायला काहीच नसतं.

बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांसारख्या गाड्यांना खाली शिडीसारखी स्वतंत्र चासी असते, तिथे टो-बार जोडायला जाड पोलाद मिळतं. हॅचबॅक आणि बहुतेक छोट्या एसयूव्हींमध्ये वेगळी चासी नसते, पत्र्याचाच सांगाडा वळवून ताकद आणलेली असते. अशा गाडीत टो-बार कुठे बोल्ट करायचा याच्या ठरलेल्या जागा असतात आणि त्या सोडून केलेलं वेल्डिंग सांगाडा कमकुवत करतं. गाडीखाली वाकून पाहा. आडवा तुकडा दोन्ही बाजूंना लांबट पट्ट्यांनी सांगाड्यात पुढपर्यंत गेलाय का? प्रत्येक बाजूला एकाहून जास्त बोल्ट आहेत का? मर्यादा लिहिलेली पट्टी आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं तर रॅकचा विचार तिथेच थांबवावा, असं मी म्हणेन. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत नोंदणीच्या तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, तेव्हा कंपनीच्या मान्य यादीतला टो-बार घेणं कायद्याच्या दृष्टीनंही बरं.

टांगायचा की उभा करायचा?

रॅक दोन जातींचे. एकात दोन आडवे हात असतात आणि सायकली त्यांच्यावर वरच्या दांडीनं टांगतात. दुसऱ्यात पन्हळी असतात, सायकलींची चाकं त्यांत उभी राहतात, पट्ट्यांनी आवळतात आणि एक हात सायकलला फक्त कलू देत नाही. टांगायचा रॅक हलका आणि स्वस्त. तरीही माउंटन बाइकसाठी पन्हळीचाच घ्यावा.

कारण सायकलींच्या अंगकाठीत आहे. जुन्या ॲटलस-हर्क्युलसची वरची दांडी सरळ आडवी असायची, ती टांगायला उत्तम. माउंटन बाइकची दांडी सीटकडे उतरती असते, मुलांच्या सायकलीची तर एवढी उतरती की सायकल टांगली की पुढचं चाक खाली लोंबतं. मागे शॉकअप असलेल्या सायकलीत दांडीखालची जागा शॉकअपनंच व्यापलेली असते. टांगलेल्या सायकली गाडीच्या हेलकाव्याबरोबर झुलतात आणि एकीचं पॅडल दुसरीचा रंग खरवडतं.

पन्हळीच्या रॅकमध्ये तीन मापं बघायची. टायरची रुंदी: माउंटन बाइकचे टायर २.२ ते २.६ इंच असतात, रस्त्यावरच्या सायकलीसाठी केलेला पट्टा त्यांना पुरत नाही. दोन चाकांमधलं अंतर: मोठ्या सायकलीत ते १.२ मीटरपर्यंत जातं, पन्हळ तेवढी लांब हवी. आणि दोन सायकलींमधलं अंतर. माउंटन बाइकचं हॅण्डल पाऊण मीटरहून रुंद असतं, ते शेजारणीच्या सीटमध्ये घुसतंच. त्यावर उपाय चढवण्याच्या क्रमात आहे. सर्वांत जड सायकल गाडीला चिकटून, तिचं हॅण्डल डावीकडे. दुसरीचं हॅण्डल उजवीकडे. तिसरी, हलकी, पुन्हा डावीकडे. सीट अडत असेल तर खाली करायची. पॅडल आतल्या बाजूला वळवायची आणि जिथे धातूला धातू लागेल तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा. सांगाडा कार्बनचा असेल तर चिमटा दांडीवर आवळू नका, तो दाबानं तडकतो. चिमटा लावायचा तर कंपनी सांगेल तिथेच.

सायलेन्सरचं तोंडही पाहून ठेवा. पहिल्या सायकलीचं चाक बरोबर त्याच्या वर आलं तर गरम धूर टायर आणि पट्टा दोन्ही भाजतो.

रुंदी, दिवे आणि नंबरप्लेट

२९ इंची सायकलीची एकूण लांबी १.९ मीटरच्या घरात असते आणि साधारण हॅचबॅकची रुंदी १.७ ते १.७५ मीटर. म्हणजे आडवी उभी केलेली सायकल दोन्ही बाजूंनी आठ-दहा सेंटिमीटर बाहेर डोकावते. चालकाला आरशात ते चटकन दिसत नाही, बाजूनं जाणाऱ्या पादचाऱ्याला मात्र टायर खांद्याला लागू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये, परवानगीपलीकडे बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत बाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पुढचं चाक काढून सायकल चढवली की हा प्रश्न बराचसा मिटतो.

चार सायकली गाडीचे मागचे दिवे झाकतात, म्हणून चांगल्या रॅकवर स्वतःचे दिवे असतात आणि त्यांची पिन टो-बारजवळच्या सॉकेटमध्ये बसते. सॉकेट सात पिनांचं असतं किंवा तेरा पिनांचं. तेरा पिनांमध्ये रिव्हर्सचा दिवाही जोडता येतो. आजकालच्या गाड्यांत संगणक प्रत्येक दिव्यावर लक्ष ठेवतो, त्यामुळे मागच्या दिव्याची वायर कापून त्यात रॅकची वायर गुंडाळली तर डॅशबोर्डवर चुकीचे इशारे पेटतात. त्यासाठी वेगळा रिले असलेला संच मिळतो, तोच बसवून घ्यावा. रिव्हर्सचे सेन्सर मात्र सायकलींनाच अडथळा समजून कोकलत राहतील.

नंबरप्लेटचं कोडं जास्त अवघड आहे. युरोपात रॅकवर जादा प्लेट लावतात. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. तिच्यावर लेसरनं कोरलेला क्रमांक असतो आणि ती काढली की मोडणाऱ्या कुलपानं बसवलेली असते. ती उपटून रॅकवर लावता येत नाही, आणि फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलेली प्लेट ही खरी प्लेट नव्हे. निघण्याआधी गाडीच्या मागे दहा पावलांवर उभं राहून नंबर वाचता येतो का पाहा. तीन सायकलींच्या रॅकमध्ये चाकांच्या मधून तो बऱ्याचदा दिसतो, चारमध्ये क्वचित. आरटीओत जाऊन तुमच्या गाडीबद्दल विचारून ठेवणं हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग.

मुरबाड सोडल्यावर

रॅकवरचा भार स्थिर गाडीत ७४ किलो असतो. खड्ड्यात चाक आपटलं की तोच क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. गतिरोधकावर गाडी पुढेमागे डुलते तेव्हा मधल्या सीटवर बसलेल्याला जेवढा हेलकावा बसतो, त्याच्या कितीतरी पट मागच्या टोकाला बसतो, आणि रॅक त्या टोकाच्याही मागे असतो. म्हणून बऱ्याच रॅकच्या पुस्तिकेत कच्च्या रस्त्यावर वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. गतिरोधक तिरका घेऊ नका. तिरका घेतला की चौकटीला आडवा पीळही बसतो. सरळ, पहिल्या गिअरमध्ये.

फरशीवर उतरताना आणखी एक अडचण येते. रॅकचं टोक मागच्या चाकापासून दीड मीटरहून लांब आणि जमिनीपासून जेमतेम ४०-५० सेंटिमीटरवर असतं. ओढ्यातल्या फरशीचा खोल उतार संपून गाडी वर चढायला लागली की हे टोक सिमेंटला घासतं. सायकली वाचतात, दिवे फुटतात.

धसई हे बाजाराचं गाव आहे. २०१६ च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून ते गाजलं होतं. तिथे चहाचे पैसे मोबाइलनं देता येतील, पण २९ इंची ट्यूब किंवा रॅकचा तुटलेला पट्टा मिळेल अशी आशा धरू नका. एक जादा पट्टा आणि सगळ्या मापांच्या ट्यूब घरूनच घ्या.

पट्टे सुरुवातीच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये सैल पडतात, कारण टायर पन्हळीत बसतात आणि नायलॉन ताणलं जातं. रायत्याच्या पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन तरफ आणि पट्टे एकदा हातानं ओढून पाहायचे, मुरबाडला पुन्हा. धसईच्या पुढे डांबर जिथे संपतं, तिथे गाडी लावायची, रॅकला कुलूप घालायचं आणि सायकली उतरवायच्या.